चार दाती मदरबोर्ड

३ फेब्रुवारी २०१०, मुडबी

ही डायरी दिवाळीपासून पेटीत पडून आहे. रोज ठरवायचो, आज लिहू. मग पेन सापडायचं नाही. पेन सापडलं तर त्या दिवशी काही घडलेलं नसायचं, आणि काही घडलं त्या दिवशी मी गावात नसायचो. असे तीन महिने गेले. डायरी खताच्या दुकानातनं फुकट मिळालेली, तीही गेल्या सालची. तेव्हा वर छापलेले वार खोटे, मी टाकलेली तारीख खरी. प्रत्येक पानाखाली शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला शेंगअळीवर आहे.

आज लिहायला बसलो कारण आज ठरलं. मी गेमचा कॉम्प्युटर बनवणार. तयार घ्यायचा नाही, सुटे भाग आणून जुळवायचा. तसा तो अर्ध्या किमतीत पडतो. हैदराबादला अमीरपेठेत मी अकरा महिने एका गेमिंग पार्लरात होतो. पोरं येतात, तासाचे पैसे देतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि घरी जातात. मालक नुसता बसून असतो. धंदा बघता क्षणी कळलं, हा माझ्या स्वभावाचा आहे.

अप्पांना तसं वाटत नाही. त्यांनी माझा हिशेब आईसमोर मांडला. पुणे आठ महिने, हैदराबाद अकरा महिने, गोवा एकोणीस दिवस. दहावीला दोनदा. मग म्हणाले, "पुढची खोली देतो. तुरीची पोती मागं लावतो. पाडव्याला खोलीत तुझं यंत्र चालताना दिसलं तर खोली तुझी. न्हाई दिसलं तर त्याच दिवशी कोळारला. सिद्धप्पाला बोलून ठिवलंय."

सिद्धप्पाकाका अप्पांचे शाळेतले मित्र, त्यांना नुसतं गुंडेराव म्हणणारे. बिदरजवळ कोळारला एका गोदामात सुपरवायझर आहेत.

"तिसरी काही जागा?" मी विचारलं.

"तिसरी जागा आजपतोर तूच शोधायलास की. घावली का?"

गेमला लागतं ते कार्ड माझ्याकडं आहे. हैदराबाद सोडताना शेवटच्या पगाराबदली तेच उचललं. बाकीच्यासाठी माझ्या पाच मेंढ्या विकायच्या. आमच्यात जावळ काढताना मामा लेकराच्या नावानं एक मेंढी सोडतो, आणि तिची पिलावळ त्या लेकराची. माझ्या मेंढ्यांनी तेवीस वर्षांत माझ्यापेक्षा जास्त प्रगती केली आहे.

७ फेब्रुवारी

माणिकप्पामामा आले. मेंढ्या विकून पैसे कमरेला बांधूनच आले, आणि तिथनं काढायला तयार नाहीत. म्हणाले, "खरेदीला मी येणार. पाठीवर हात ठिवल्याशिवाय मी कुणाला काही घिऊ दिलं न्हाई."

हे खरं आहे. पंचक्रोशीत मामांनी हात ठेवला तरच मेंढरू विकतं. डोळ्यानं बघत नाहीत, बोटानं बघतात.

मी त्यांना समजावलं की मदरबोर्ड म्हणजे एक पाटी असते. बाकी सगळे भाग तिच्यावर बसतात. प्रोसेसर म्हणजे डोकं, ते तिच्यावर बसतं. रॅमची पट्टी तिच्यात घुसते, माझं कार्ड तिच्यात घुसतं.

मामा म्हणाले, "कळलं. मेंढरंच हायेत. मग ध्यानात ठिव. एका खांडातली, म्हंजी कळपातली मेंढी आन् त्याच खांडातला मेंढा कधी घ्यायचा न्हाई. रक्त पातळ पडतंय. पाटी एका गावची, डोकं दुसऱ्या गावचं, पट्टी तिसऱ्या गावची. आन् आपल्या वाडग्यात काय हाय ते इकणाऱ्याला सांगायचं न्हाई. त्येला कळलं की आपल्याला काय पाहिजे, की त्यो भाव चढवतोय."

मला हे पटलं. पुण्यातल्या माणसालाही पटलं असतं.

माझी धाकटी बहीण प्रतीक्षा चुलीपाशी बसून माझं कॉम्प्युटरचं मासिक वाचत होती. तिनं पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्सनं केलंय, आता ब्लाऊज शिवते. म्हणाली, "अण्णा, ह्यात उलटं लिवलंय. आधी डोकं ठरवायचं, मग ते ज्याच्यावर बसतंय तसलंच बोर्ड बघायचं. सगळ्यांची बैठक येगळी असतीया."

"मासिक जुनं हाय," मी म्हणालो. रद्दीतनं आणलंय ते. मधली पानं नाहीत.

"तू भाकरीकडं बग," मामा म्हणाले.

तिनं भाकरी उलटली आणि वाचतच राहिली. तिला वाचायचा नादच आहे. पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही.

११ फेब्रुवारी

बिदरला जाऊन आलो. सकाळचे दोन तास नौबादच्या बाजूला गेले. तिथं शिकाऊ पायलट विमानं उडवतात. एक विमान उतरतंय म्हणेपर्यंत परत वर जायचं. मी मामांना म्हणालो, हे काम मला जमलं असतं. मामा म्हणाले, "व्हय, ह्येच्यात बी कुटं उतरायचं नसतंय."

दुकान बसस्टँडच्या मागं. काउंटरला टाय लावलेलं पोरगं. मी स्वस्तातला गेमचा बोर्ड मागितला. त्यानं दोन छोटे काढले. मामांनी एकेक हातात घेऊन तोलला.

"ह्येला दात किती?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हणालो, "रॅमच्या खाचा विचारायलेत."

"दोन."

"दोन दाती म्हंजी कवळं. पयल्या उन्हाळ्यात बसंल. चार दाती दाव."

चार खाचांचा एकच होता. मोठा, लाल, वजनाला भरपूर. मॉडेल बंद पडलं म्हणून स्वस्तात काढलेला. मामांनी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, डोळे मिटले, दोन ठिकाणी दाबून बघितलं आणि मान हलवली. त्या क्षणी मला बरं वाटलं. नाही म्हटलं तरी मनात धाकधूक होती, कारण मला स्वतःला त्या लाल पाटीवरचं पंख्याचं भोक सोडलं तर काही ओळखू येत नव्हतं. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितो.

मग मामांनी खांद्यावरचा रुमाल पोराच्या हातावर टाकला आणि आतनं त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच होतो, तोंडानं बोलायचं नाही. पोराला आधी वाटलं नाडी बघायलेत. मग मामांनी दोन बोटं दाबून सोडलीच नाहीत. त्यानं आपला हात परत मिळावा म्हणून दोनशे कमी केले.

बिल करताना त्यानं विचारलं, "प्रोसेसर कुठला लावणार?"

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. "घरचा हाय," म्हणाले. मग जाता जाता, "महिन्यात चारा खाल्ला न्हाई तर माघारी आणणार बग."

"आतल्या पिना वाकल्या नसतील तर घेऊ," पोरगं म्हणालं. चांगलं पोरगं. बाजाराची रीत कळते त्याला.

१६ फेब्रुवारी

गुलबर्गा. डोकं घेतलं.

इथल्या दुकानदाराचं नाव शिवशंकरप्पा. साठीचा माणूस, चष्मा कपाळावर आणि डोळ्याला भिंग. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आता हे. टेबलावर एक मेलेला बोर्ड उघडा होता. मामांनी सवयीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मुट्टबेड री!" शिवशंकरप्पा ओरडला. मामांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना हात लावू नका म्हणालं होतं. त्यानंतर ते त्याच्याशी जरा फटकूनच वागले.

मी प्रोसेसर मागितला.

"बोर्ड कुठलं हाय तुमचं?"

मी तोंड उघडलं. मामा म्हणाले, "तुमी तुमच्या मालाचं बोला."

"अहो, बोर्डाचं नाव तरी सांगा."

"नावात काय हाय? चार दाती हाय. चांगलं धडधाकट हाय."

शिवशंकरप्पानं चष्मा कपाळावरनं खाली घेतला, आमच्याकडं बघितलं, परत वर केला. "बोर्ड न सांगता प्रोसेसर मागायलेत. उद्या पाय न सांगता चप्पल मागताल." तरी त्यानं एक काढला. म्हणाला, स्वस्तात गेमला हाच बरा, फक्त बोर्ड ह्याच कंपनीच्या बैठकीचं पाहिजे, बघा बाबा. मामांनी मला कोपर मारलं. म्हणजे कळलं ना, बोर्ड गळ्यात मारायला बघतोय.

प्रोसेसरच्या खाली बारीक पिना आहेत, शेकड्यानं. मामांनी भिंग मागून घेतलं आणि बघितल्या. "लोकर दाट हाय," म्हणाले. खुशीत होते.

१९ फेब्रुवारी

उदगीरला रॅमची पट्टी घेतली. पट्टी म्हणजे पट्टीच, त्यात बघण्यासारखं काही नाही.

येताना बसमध्ये एक माणूस भेटला, त्यानं इमू पाळलेत. हा परदेशी पक्षी, माणसाएवढा उंच. तेल निघतं, कातडं निघतं, अंडं हिरवं. मामांना विचारलं तर म्हणाले, "जे उडत बी न्हाई आन् दूध बी देत न्हाई, त्येला तुझ्याशिवाय दुसरा मालक मिळायचा न्हाई." त्या माणसाचा नंबर घेतला आहे.

२३ फेब्रुवारी

सगळे भाग ज्यात बसतात ती पेटी हुमनाबादहून आणली, पडदा आणि बाकीचं किडूकमिडूक तिथंच जुनं मिळालं. आता सगळे भाग चार गावचे झाले. रक्त पातळ पडायची भीती नाही. आईनं सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. थोडं हळदकुंकू रॅमच्या टोकाला लागलं, ते प्रतीक्षानं ओढणीनं पुसून काढलं. लाईट नव्हती म्हणून जुळवणी उद्यावर.

प्रतीक्षा बोर्डाच्या खोक्यातलं पुस्तक घेऊन बसली आहे. इंग्रजीत आहे. मी म्हटलं, जुळवायच्या कामात पुस्तकं लागत नाहीत.

२४ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

सकाळी लाईट आली. अप्पा, आई, मामा, शेजारची चार माणसं, सगळे खोलीत. मी बोर्ड गोणपाटावर ठेवला. बैठकीवरचं झाकण उघडलं. आत बारीक पिना, वर तोंड करून उभ्या. मग प्रोसेसर काढला. त्याच्याही खाली पिना, खाली तोंड करून.

मी एकदा ह्याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

मामा पुढं वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाले, "सुनील, हे दोन्ही मेंढे हायेत."

शेजारचा चनमल्लप्पा हसला, मग खोकला काढून झाकलं.

आता खरं लिहितो. त्या वेळी थांबायला पाहिजे होतं. पण अप्पा दारात उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर कोळारची बस दिसत होती. मी प्रोसेसर बैठकीवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. बसला नाही. मग तळहातानं दाबला. आतनं कट् असा आवाज आला. चण्याचा फुटाणा दाताखाली आल्यावर येतो तसा.

प्रतीक्षा म्हणाली, "पुस्तकात पहिल्याच पानावर लिवलंय अण्णा, ह्याच्यावर कुठले कुठले बसतेत."

"आता सांगायलीस?"

"आधी बिदरला सांगितलं असतं. पण मला कामून न्हेलं न्हाई?"

अप्पा दारातनंच वळून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

शिवशंकरप्पाला फोन लावला. चांगला दम दिला. म्हणालो, तुमचा माल खोटा आहे, बसतच नाही.

तो म्हणाला, "आता तरी सांगा, बोर्ड कुठलं?"

मी खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं. तो हसायला लागला. हसतच राहिला. मध्येच दुकानातल्या कुणाला तरी कन्नडात सांगितलं, मग ते पण हसायला लागलं. माझा बॅलन्स संपेपर्यंत हसत होते.

बिदरच्या पोराकडं बोर्ड घेऊन गेलो. त्यानं बॅटरी लावून आत बघितलं.

"वाकल्यात."

"आधीपासून वाकलेल्या होत्या."

"मग हा अंगठा कुणाचा उमटलाय?"

परत येताना विमानं बघायला थांबलो नाही.

१ मार्च

सिद्धप्पाकाका आले होते. आईनं पोहे केले. त्यांनी माझा फोटो काढला ओळखपत्रासाठी, आणि खाकी शर्टासाठी छाती मोजली. म्हणाले, "काम अवघड न्हाई. पोती येतेत, पोती जातेत. तू निस्तं मोजायचं."

"आन् जायचं कुठं?"

"कुठं म्हंजे? हितंच. एक दार हाय, सकाळी आत गेलं की संध्याकाळी उघडतंय."

मला कामाची भीती नाही. पुण्यात मी हॉटेलात दिवसाला चारशे प्लेटा धुतल्या आहेत. पण तिथं मागचं दार होतं. दोन प्लेटांच्या मध्ये बाहेर जाऊन उभं राहिलं की रस्ता दिसायचा. कोळारच्या गोदामाला एकच दार आहे, आणि पाडवा पंधरा दिवसांवर.

४ मार्च

घरात सगळे माझ्याशी नीट बोलायलेत. हे वाईट लक्षण आहे.

प्रतीक्षा तीन दिवस झाले खिडकीपाशी उन्हात बसते. मांडीवर पाट, पाटावर माझा प्रोसेसर, हातात ब्लाऊजला काज करायची सुई. एकेक वाकलेली पीन सरळ करते. श्वास धरून करते, मग सोडते, मग दुसरी. मी म्हटलं, "मेलेल्याला कामून सजवायलीस?"

"मेलं न्हाई. मोडली एक बी न्हाई. वाकलेल्याच हायेत. नऊशे अडतीस हायेत, मोजल्या मी."

नऊशे अडतीस! तिला कामच नाही दुसरं.

मग तिनं रॅमची पट्टी मागितली आणि मापाच्या फितीनं तिच्या खाचेचं अंतर मोजलं. माझं कार्ड मागितलं, त्याचं टोक कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखलं. वहीत तीन ओळी लिहिल्या. प्रोसेसरची बैठक, पट्टीची खाच, कार्डाची लांब खोबण. म्हणाली, "ह्या तिन्ही ज्याच्यात हायेत त्यातलं सगळ्यात स्वस्त, तेवढंच बघायचं. बाकी किती दात, किती वजन, काय करायचंय?"

मामा ओट्यावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, उद्या बाजारला जायचं का?"

६ मार्च

मामा आणि प्रतीक्षा काल हुमनाबादच्या बाजारला आणि तिथनं आज गुलबर्ग्याला गेलेत. मला चल म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. दिवसभर घराच्या छतावर, माळवदावर पडून होतो. इमूवाल्याला मिस्ड कॉल दिला. त्यानं परत केला नाही.

७ मार्च

प्रतीक्षा बोर्ड घेऊन आली. बघून हसूच आलं. पोळपाटाएवढा. रॅमच्या खाचा दोन.

"दोन दाती!" मी मामांना म्हणालो.

मामा हसले नाहीत. "दोन दाती बी चारा खातंय," म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

प्रतीक्षानं सांगितलं, शिवशंकरप्पानं पाच बोर्ड काढले. तिनं वही दाखवली. त्यानं तीन बाजूला केले. मग तिनं उरलेल्या दोघांतला फरक विचारला. त्यानं सांगितला, तो ऐकून ती म्हणाली, ह्या जास्तीच्या गोष्टी आम्हाला लागायच्या न्हाईत. तिनं स्वस्तातला घेतला. मग त्यानं तिला प्रोसेसर दाखवायला सांगितला, भिंगातनं बराच वेळ पिना बघितल्या आणि विचारलं, ह्या कुणी सरळ केल्या. एवढंच. एक तास लागला म्हणे. बिदरला आम्हाला पाच तास लागले होते, पण आम्ही बारकाईनं बघितलं होतं.

"पैसे?"

तिनं मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "बदलून दिलं त्यानं. जुन्या बोर्डाच्या बदली."

आता कळलं, फोनवर दम दिल्याचा परिणाम होतो. दुकानदारांना असंच पाहिजे.

संध्याकाळी मामांच्या खांडापाशी गेलो होतो. प्रतीक्षाच्या नावाची काळतोंडी मेंढी दिसली नाही. गाभण होती ती. मामांना विचारलं तर म्हणाले, "लांडगा पडला." दोनशे मेंढरांतनं लांडग्यानं नेमकी तीच कशी नेली, नवल आहे. घरी येऊन आईला सांगितलं, तर आई कणीक मळता मळता उठून आत गेली. आईचा जनावरांवर फार जीव.

१० मार्च

चालू झाला.

प्रोसेसर वरनं नुसता ठेवला की आपोआप आत उतरला, पिठात बोट जातं तसा. जोर लावावाच लागला नाही. पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा नुसतं टूं टूं झालं. प्रतीक्षानं पट्टी काढली, टोक खोडरबरानं घासलं, परत बसवली. दुसऱ्यांदा पडदा उजळला.

बटन मी दाबलं होतं. म्हणजे तसं बघितलं तर चालू मीच केला.

मामा पडद्याकडं बघत बसले. मग विचारलं, हात लावू का. प्रतीक्षा म्हणाली, वरनं लावा. त्यांनी पेटीवर हात ठेवला. पंख्याची थरथर लागत होती. "जित्ता हाय," म्हणाले.

१६ मार्च, पाडवा

गुढी उभारली, कडुनिंब-गूळ खाल्ला. दहा वाजता सिद्धप्पाकाका मोटारसायकलवर आले, मागं माझी कपड्यांची पेटी बांधायला दोरी घेऊन. अप्पांनी त्यांना खोलीत नेलं. मी मोटारीच्या शर्यतीचा गेम लावला.

काकांनी विचारलं, "मी बी बसू का?" आणि दीड तास उठले नाहीत. त्यांनी सात गाड्या दरीत घातल्या. आठव्या वेळी पुलापर्यंत पोचले तेव्हा ओरडले, "गुंडेराव, बग की!" अप्पा वाकून बघत होते. अप्पांना असं वाकून काही बघताना मी फक्त पेरणीला बघितलं आहे.

जाताना काका म्हणाले, "पोरगं ऱ्हाऊ दे हितंच." ओळखपत्र तेवढं माझ्या हातात देऊन गेले. तयार झालं होतं, फेकायचं कशाला, म्हणाले.

मी वाचलो.

२३ मार्च

पोरं येतात. शाळा सुटली की रांग लागते. बसून बसून माझे पाय आखडले. अमीरपेठेतला मालक कसा बसायचा कोण जाणे. आता लक्षात येतं की त्याचं पोट मोठं होतं.

तीन दिवस उमरग्याला इमू बघून आलो. जवळनं बघितले तर फार रागीट आहेत. मी नसताना कॉम्प्युटर दोनदा बंद पडला म्हणे. प्रतीक्षानं उघडला, सायकलच्या पंपानं धूळ उडवली, पंख्याला तेलाचा थेंब दिला. शेजारच्या गावच्या पतसंस्थेचा कॉम्प्युटरही कुणीतरी पोत्यात घालून आणून दिला होता. तो तिनं दोन तासांत चालू करून परत पाठवला. पैसे घेतले, आईजवळ दिले. लोकांना काय, फुकटात नाही तर स्वस्तात करून पाहिजे असतं.

खोलीत पोरं म्हणायलीत, "अक्का असली की मशीन बंद पडत न्हाई." मी त्यांना हाकललं.

अप्पांना म्हणालो, मला थोडे दिवस बाहेरचं बघावं लागेल, इमूचं किंवा दुसरं काही, खोलीचं काय करू?

अप्पा दोरी वळत होते. म्हणाले, "खोली चालायलीय की." मग पुढं म्हणाले, "तुझं ते खाकी शर्ट सिद्धप्पानं शिवून ठिवलंय म्हणं."

त्याचा खोलीशी काय संबंध, कळलं नाही. अप्पा हल्ली विषय सोडून बोलतात.

२८ मार्च

माळवदावर बसून लिहितोय. खाली जायची सोय नाही.

दुपारच्या गुलबर्गा बसमधनं शिवशंकरप्पा उतरला. तोच, कपाळावर चष्मा. एवढ्या उन्हात साठीचा माणूस साठ किलोमीटर आला, म्हणजे फोनवरचा दम त्याच्या मनाला लागलेला दिसतो. मी त्याला पारावर पत्ता विचारताना बघितलं आणि सरळ शिडी चढलो.

वरनं सगळं दिसतंय. अप्पांनी त्याला बाजेवर बसवलं. त्यानं पाणी घेतलं, काखेतली पिशवी मांडीवर घेतली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मेलेले बोर्ड काढून अप्पांसमोर ठेवले. भिंगसुद्धा आणलंय. अप्पा त्याच्याशी कन्नडात बोलायलेत, हळू, सोयरिकीला बोलतात तसं. भांडायला आलेल्या माणसाशी असं बोलत नाहीत. मामा पण आले. आता मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

बहुतेक प्रकरण माझ्या कल्पनेपेक्षा मोठं आहे. थोरला म्हणून मीच पुढं व्हायला पाहिजे. चप्पल मात्र खाली राहिली.

आई दारात आली. हाक मारणार. मी शिडीपाशी सरकलो.

"प्रतीक्षा, मशीन बंद कर बाळा, हात धुवून ये. गुलबर्ग्याचे शिवशंकरप्पा आलेत, तुझ्यासाठी आलेत, दुकानात कामाला ये म्हणायलेत."